३एसवर रिमोटचा ट्रक सहा मिनिटांत बंद पडतोय; ईएससी तापतो म्हणावं तर थर्मामीटर ५२ दाखवतोय

मुठेकाठचा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सलग तीन रविवार गाडी हातात धरून घरी परतलोय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

गाडी १/१० शॉर्ट कोर्स ट्रक, फोर व्हील. मोटर ३६५० साइजची ब्रशलेस, चार पोल, ३३०० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे), सेन्सर नाही. ईएससी (बॅटरीची वीज मोटरला सोडणारा कंट्रोलर) ६० अँपिअरचा, २एस आणि ३एस, म्हणजे दोन सेल आणि तीन सेलची बॅटरी, दोन्ही चालतं असं त्याच्यावरच छापलंय. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) १७ दात, स्पर (त्याला जुळणारं मोठं चाक) ५४, गिअरबॉक्सचा आतला रेशो २.६. टायर ११० मिमी व्यासाचे. वर्षभर २एसवर एकदाही तक्रार नव्हती. मार्चमध्ये ३एस, ५००० एमएएच, ५०सीचा पॅक घेतला. त्याच आठवड्यात जुन्या सर्वोचे (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे) प्लॅस्टिकचे दात गेले, म्हणून मेटल गिअरचा डिजिटल सर्वो बसवला, २० किलो ताकदीचा.

तेव्हापासून मैदानात पाच-सहा मिनिटं मस्त पळते आणि मग मोटर बंद. ईएससीचा दिवा लुकलुकतो. पाच मिनिटं सावलीत ठेवली की परत चालू, पण दुसऱ्या खेपेला तीनच मिनिटांत तेच. शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्टिअरिंगही जरा आळसावतं, पण मैदानात धूळ खूप आहे, ते त्यामुळे असावं.

बंद पडल्या पडल्या इन्फ्रारेड थर्मामीटर मारला तर ईएससीच्या हीटसिंकवर ५२ अंश आणि मोटरवर ८४. ५२ ला कुठला ईएससी बंद पडतो? मला वाटतं त्याच्या आतला तापमानाचा सेन्सरच बिघडलाय. दुकानदार म्हणाला हा ६०चा काढा, १२० अँपिअरचा लावा. साडेपाच हजारांचा प्रश्न आहे. घेऊ का?

तांबडीमाती | शनिवार, रात्री १०:०५

भावा, घेऊन टाक. मी पण ६०चा काढून १२०चा लावला, तवापासून लई निवांत. मोठ्या ईएससीला तेवढाच करंट म्हणजे किरकोळ काम. माझा कोल्हापुरात उन्हाळ्यात पण कधी बंद पडला नाही.

सोल्डरताई | शनिवार, रात्री १०:५०

थांबा, पैसे खर्च करू नका. आधी एक शंका मिटवू. बंद पडतोय तो उष्णतेनेच की बॅटरी कटऑफने, म्हणजे सेलचं व्होल्टेज उतरलं म्हणून? दोन्हीत मोटर थांबते, दोन्हीत दिवा लुकलुकतो आणि दोन्हीत पाच मिनिटं थांबलं की गाडी परत चालते, कारण विश्रांती मिळाली की सेलचं व्होल्टेजही वर येतं. दिवा कसा लुकलुकतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळे तुमच्याच माहितीपत्रकात बघा. आणि बंद पडली की लगेच प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. ३.७ च्या वर असेल तर बॅटरीचा संशय काढून टाका.

दुसरं, हीटसिंक कसला आहे? चकचकीत उघडं अ‍ॅल्युमिनियम की काळा?

मुठेकाठचा | शनिवार, रात्री ११:१०

ताई, सेल मोजले होते, ३.८५ च्या आसपास होते तिन्ही. माहितीपत्रकाप्रमाणे दिवा 'जास्त तापमान' असंच सांगतोय. हीटसिंक चांदीच्या रंगाचा, उघडा, चकचकीत आहे. का हो?

सोल्डरताई | शनिवार, रात्री ११:२५

मग तुमचा ५२ चा आकडा खोटा आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान थेट मोजत नाही, पृष्ठभागातून बाहेर पडणारे किरण मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. तो हिशोब करताना बहुतेक थर्मामीटर असं गृहीत धरतात की समोरची वस्तू काळ्या रंगासारखी किंवा कातडीसारखी भरपूर किरण सोडते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम तसं नसतं. ते स्वतः फार थोडे किरण सोडतं आणि आरशासारखं आजूबाजूचे परत फेकतं. तुम्ही बहुतांशी आकाशाचं आणि स्वतःच्या शर्टाचं तापमान मोजलंत. मोटरचं डबडं काळ्या रंगाचं असेल तर ८४ मात्र खरं आहे.

हीटसिंकच्या एका पात्यावर साध्या काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो हीटसिंकइतका गरम होऊ द्या, आणि टेपवर नेम धरून मोजा. थर्मामीटर अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, नाहीतर आजूबाजूचंही तापमान त्यात मिसळतं.

संत्रानगरी | रविवार, सकाळी ७:३०

ताई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. नागपुरात मीही अशाच आकड्यावर विसंबून एक ईएससी जाळला आहे. आणखी एक सवय लावून घ्या भाऊ, नुसतं तापमान लिहू नका, हवेपेक्षा किती वाढलं ते लिहा. तीच गाडी, तेच मैदान, तोच पॅक असेल तर वाढ साधारण सारखी राहते. डिसेंबरात पुण्यात हवा २४ अंश आणि ईएससी ७८, म्हणजे वाढ ५४. आमच्याकडे मे महिन्यात हवा ४३, म्हणजे तोच ईएससी ९७ वर. गाडीत काहीच बिघडलेलं नसतं, पण ती बंद पडते. बरेच ईएससी आत १०० ते ११० अंशांच्या दरम्यान हात वर करतात.

मुठेकाठचा | रविवार, रात्री ८:१५

टेप लावून आलो. थक्क झालोय. हवा ३६. गाडी सहा मिनिटांत बंद. उघड्या पात्यावर ५३, शेजारीच टेपवर ९४!

म्हणजे सेन्सर बिचारा बरोबर काम करत होता. मोटर ८५. आता पुढे काय? १२०चाच घ्यावा लागणार का?

जुनाट्रान्झिस्टर | रविवार, रात्री ९:३०

मी ठाण्याहून. पस्तीस वर्षं पॉवर सप्लायच्या दुरुस्तीत गेली, गाड्यांचा नाद नातवामुळे लागला. दोन शब्द सांगतो.

ईएससी उष्णता 'निर्माण' करायला बसलेला नसतो. बॅटरी आणि मोटर यांच्यामधला तो फाटकवाला. आतले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. उघडे असताना त्यांचा थोडा रोध असतो, तिथे करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता होते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. आणि प्रत्येक उघडझापेत एक क्षण असा असतो की फाटक धड उघडं नाही, धड बंद नाही; त्या क्षणी पुन्हा उष्णता. म्हणून ईएससी तापला की मी आधी विचारतो, हा करंट मागतंय कोण?

मोटरही ८५ वर आहे, म्हणजे मागणी मोटरकडूनच जास्त येतेय. तुम्ही १७चं पिनियन २एसचं ठेवलंय आणि बॅटरी ३एसची लावलीय. हिशोब करा. २एसवर ७.४ गुणिले ३३००, म्हणजे मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे. ३एसवर ११.१ गुणिले ३३००, सुमारे ३६,६००. तुमचा एकूण रेशो ५४ भागिले १७ गुणिले २.६, म्हणजे ८.२६. ११० मिमीच्या टायरवर कागदावरचा वेग २एसला ६१ किलोमीटर आणि ३एसला ९२! शॉर्ट कोर्सच्या गाडीला, खडबडीत मैदानात, ताशी ९२ची गिअरिंग. ती तिथवर कधी पोचतच नाही, सतत धडपडत राहते, आणि धडपडणारी मोटर करंट खाते.

१३चं पिनियन लावा. रेशो १०.८ होईल, वेग कागदावर ७०. म्हणजे तुमच्या जुन्या २एसपेक्षाही जास्तच.

मुठेकाठचा | रविवार, रात्री ९:५०

काका, पण मी तर निम्म्या थ्रॉटलवरच चालवतो बहुतेक वेळ. मैदान लहान आहे. पूर्ण दाबतच नाही, तरी एवढा करंट?

जुनाट्रान्झिस्टर | रविवार, रात्री १०:२०

हा फार चांगला प्रश्न विचारलात, आणि इथेच भल्याभल्यांचा गैरसमज असतो. निम्मा थ्रॉटल म्हणजे ईएससीला निम्मं काम, असं नाही. पूर्ण थ्रॉटलला फाटक सतत उघडं असतं, उघडझापेची उष्णता कमी. निम्म्या थ्रॉटलला फाटक सतत उघडमिट करतं. आणि फाटक मिटलेलं असतानाही मोटरच्या गुंडाळीतला करंट थांबत नाही, तो ईएससीतूनच गोल फिरत राहतो. त्यामुळे मोटरमधला करंट बॅटरीतून येणाऱ्या करंटपेक्षा जास्त असतो, आणि मॉसफेट सोसतात तो मोटरचा करंट. उंच गिअरिंगवर सावकाश चालवणं ही ईएससीला दिलेली सर्वांत मोठी शिक्षा. पिनियन लहान केलं की तोच वेग तुम्हाला जास्त थ्रॉटलवर आणि कमी करंटवर मिळतो.

मालवणी_चाक | सोमवार, सकाळी ६:५०

काकांचा म्हणणा बरोबर. आमच्याकडे किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी घातली की तीन मिनिटांत हात लावूक देणा नाय. पिनियन दोन दातांनी उतरवलं, मग दहा मिनिटं मिळाली. पिनियन बदलशील तेव्हा दातात कागदाची पट्टी घालून मेश (दातांची जुळणी) बसव. कागद चुरगळून बाहेर आलो पायजे, फाटान नको. घट्ट मेश पण मोटरीक दमवता.

तुझो फॅन फिरता काय ते बघितलंस? आमच्याकडे खाऱ्या हवेन सहा महिन्यांत फॅनचा बेअरिंग धरता.

मुठेकाठचा | सोमवार, सकाळी ८:००

फॅन फिरतोय, नीट वारा लागतो हाताला. बॉडी शेलला मात्र कुठेच भोक नाही, नवीनच रंगवून घेतलीय म्हणून जीव होत नव्हता. १३चं पिनियन तपकीर गल्लीच्या मागे एका हॉबीवाल्याकडे मिळतंय, आज आणतो.

सोल्डरताई | सोमवार, दुपारी १:३०

पिनियन बदलायच्या आधी एक पाच मिनिटांची तपासणी करून घ्या, नाहीतर दोन दोष एकत्र झाकले जातील. मोटर सैल करून पिनियन स्परपासून दूर करा आणि गाडी टेबलावर हाताने ढकला. चारही चाकं मोकळी, सारखी फिरतात का? एखादं धरत असेल तर बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट. पिनियन सुटं असताना मोटरही हाताने फिरवून बघा, चुंबकाचे टप्पे सारखे लागायला हवेत, घासल्यासारखं वाटायला नको.

आणि बॅटरीचा प्लग कुठला आहे? पॅक नवा, ईएससी जुना, म्हणजे मध्ये अडॅप्टर असणार असा माझा अंदाज.

मुठेकाठचा | सोमवार, दुपारी २:१०

ताई, तुम्ही बघितल्यासारखं सांगता! पॅकला एक्सटी६० आहे, ईएससीला टी प्लग, मध्ये अडॅप्टर. वायर धरून सहा-सात सेंटिमीटर लांब.

सोल्डरताई | सोमवार, दुपारी २:४०

मग तो मोजा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक टोक पॅककडच्या प्लसवर, दुसरं ईएससीकडच्या प्लसवर, म्हणजे मीटर अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना समांतर. गाडी स्टँडवर, चाकं हवेत, थ्रॉटल अर्ध्याच्या खाली. हवेत पूर्ण थ्रॉटल देऊ नका, टायर फुगतात आणि सुटलेला टायर तोंडावर येतो. वॅटमीटर असेल तर करंटही त्याच वेळी बघा.

समजा ४ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट पडले, तर रोध १५ मिलिओहम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण मैदानात ४० अँपिअर ओढले की त्याच जागी ४० गुणिले ४० गुणिले ०.०१५, म्हणजे २४ वॅट उष्णता. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! ती उष्णता तांब्याच्या वायरीतून सरळ ईएससीच्या पोटात जाते. शिवाय बॅटरीची वायर जितकी लांब तितके ईएससीच्या तोंडावरचे कपॅसिटर जास्त दमतात. ते बहुतेक १०५ अंशांचे असतात आणि दहा अंश जास्त तापले की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

मुठेकाठचा | बुधवार, रात्री १०:३०

अहवाल देतो.

चाकं मोकळी. मागचं उजवं थोडं धरत होतं, बेअरिंगमध्ये लाल माती; बदललं. अडॅप्टरवर ३.५ अँपिअरला ४८ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ १४ मिलिओहम. उघडून बघितलं तर एका टोकाचं सोल्डर करड्या रंगाचं, दाणेदार, वायर आत हलत होती. अडॅप्टर फेकून दिला, ईएससीला सरळ एक्सटी६० लावला. पिनियन १३. बॉडीच्या मागच्या काचेला कापून खिडकी केली, पुढून हवा येते आणि मागून जाते.

संध्याकाळी मैदान, हवा ३५. मोटर ८५ वरून ६३ वर आली! गाडीचा पिकअपही उलट छान झालाय. पण ईएससी... अकरा मिनिटांनी पुन्हा बंद. टेपवर ८९.

मोटर एवढी थंड आणि ईएससी तरीही तापतोय, हे कसं? खरं सांगतो, आज जरा निराश झालो. शेजारची चार मुलं बघायला आली होती.

तांबडीमाती | बुधवार, रात्री १०:४५

भावा, म्हणून म्हणत होतो, १२०चा घे. सगळं करून बघितलंस आता. ईएससीच अशक्त असणार.

शारजावाळू | बुधवार, रात्री ११:२०

इथे शारजात वाळूच्या टेकड्यांवर आम्ही दर शुक्रवारी चालवतो, त्या अनुभवावरून दोन गोष्टी. एक, गाडी थांबवली की लगेच स्विच बंद करू नका. फॅन चालू राहू दे दोन मिनिटं. बंद केलात तर मॉसफेटमधली उष्णता हीटसिंकमध्ये येते आणि तिथेच बसते. दोन, ईएससीची टायमिंग आणि पंच (सुरुवातीला किती जोर द्यायचा) ही सेटिंग बघा. टायमिंग सर्वांत खालच्या पायरीवर आणि पंच निम्म्यावर आणा. वाढवलेल्या टायमिंगने टॉप स्पीड थोडा मिळतो आणि उष्णता पुष्कळ. ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडला की आपोआप लागणारा) शून्य आहे ना, तेही बघा.

पण मोटर ६३ आणि ईएससी ८९, हे गणित मला लोडचं वाटत नाही. लोड असता तर दोघंही बरोबर तापले असते.

जुनाट्रान्झिस्टर | गुरुवार, सकाळी ७:१०

शारजावाळू यांनी नेमकं बोट ठेवलं. दोघं तापले तर मागणी जास्त. एकटा ईएससी तापला तर दोष ईएससीपाशी: जोडणी, हवा, किंवा ईएससी मोटरखेरीज आणखी कोणाला वीज पुरवतोय तो.

मी रात्री धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मुठेकाठचा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये एक वाक्य लिहिलंय आणि आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं, मीसुद्धा. 'शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्टिअरिंगही आळसावतं.' नुसतं तापमानाचं संरक्षण लागलं असतं तर फक्त मोटर थांबली असती, स्टिअरिंग शेवटपर्यंत टवटवीत राहिलं असतं. तसं संरक्षण असतंच यासाठी की गाडी वळवून आणता यावी. स्टिअरिंग आळसावतं याचा अर्थ रिसीव्हर आणि सर्वोला मिळणारा पुरवठा खचतोय. तो पुरवठा येतो बीईसीकडून, आणि बीईसी त्याच ईएससीच्या पाटीवर, त्याच हीटसिंकखाली बसलेला असतो.

ईएससीवर बीईसीबद्दल काय छापलंय? लिनिअर की स्विचिंग?

मुठेकाठचा | गुरुवार, सकाळी ७:४०

काका... 'बीईसी ६ व्होल्ट, २ अँपिअर, लिनिअर मोड' असं आहे. याचा अर्थ काय?

जुनाट्रान्झिस्टर | गुरुवार, सकाळी ८:०५

याचा अर्थ सापडला.

लिनिअर म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकणारा; स्विचिंग तसं फारसं जाळत नाही. बॅटरी भरलेली असताना २एस ८.४ व्होल्ट. ६ द्यायचे, २.४ जाळायचे. सर्वोने दीड अँपिअर ओढला तर साडेतीन वॅट. हीटसिंक पचवतो. ३एस भरलेली १२.६. आता ६.६ व्होल्ट जाळायचे. त्याच दीड अँपिअरला दहा वॅट! मोटर न फिरवता, नुसत्या स्टिअरिंगपायी. आणि त्यात तुमचा नवा २० किलोचा सर्वो. असा सर्वो अडकला तर दोन-तीन अँपिअर सहज मागतो, म्हणजे २ अँपिअरच्या बीईसीच्या डोक्यावरून पाणी. बॅटरी आणि सर्वो दोन्ही तुम्ही एकाच आठवड्यात बदललेत, म्हणून सगळ्यांचं लक्ष एकट्या बॅटरीकडे गेलं.

सिद्ध करायला पैसे लागत नाहीत. गाडी स्टँडवर, ईएससी थंड, पिनियन सुटं. थ्रॉटलला हात लावायचा नाही. तीन मिनिटं फक्त स्टिअरिंग डावी-उजवी, डावी-उजवी. टेपवर मोजा. मग थंड होऊ द्या, सर्वोची वायर रिसीव्हरमधून काढा, तीन मिनिटं नुसती चालू ठेवा, परत मोजा.

सोल्डरताई | गुरुवार, सकाळी ९:१५

काका, मान गये! मी सुद्धा अडॅप्टरच्या मागे लागले होते.

चाचणी करताना कान देऊन ऐका. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरून ठेवल्यावर सर्वो गुणगुणतो का? गुणगुणत असेल तर तो चाकं थांबल्यावरही ढकलत राहिलाय. जुन्या सर्वोचा हात आणि नव्याचा हात सारख्या लांबीचा असेलच असं नाही, त्यामुळे रिमोटवरची एंड पॉइंट सेटिंग (सर्वोने कुठवर वळायचं ती मर्यादा) पुन्हा करावी लागते. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत.

मुठेकाठचा | गुरुवार, रात्री ९:००

हात थरथरतायत टाइप करताना.

खोलीत ३१ अंश. तीन मिनिटं नुसतं स्टिअरिंग: ३१ वरून ५९! मोटर गार पडलेली, आणि ईएससीचा हीटसिंक चटका देतोय. सर्वो काढून तीन मिनिटं: ३१ वरून ३३.

ताई, डावीकडे पूर्ण वळवल्यावर सर्वो डासासारखा आवाज करतो. उजवीकडे नाही. एवढंच नाही, गाडी सरळ उभी असतानाही मधूनमधून कुरकुरतो. स्टिअरिंगची बेलक्रँक (सर्वोची हालचाल चाकांपर्यंत नेणारा सांधा) हाताने फिरवली तर आत माती भरून ती जड झालीय. म्हणजे जुन्या सर्वोचे दात का गेले तेही कळलं.

तांबडीमाती | गुरुवार, रात्री ९:२०

भावा, मानलं. माझा १२०चा का निवांत चालला ते पण आत्ता कळलं. त्याच्यावर बीईसी स्विच मोड असं लिवलंय. मी समजत होतो अँपिअरचा फरक. तुला चुकीचा सल्ला दिला, पैसे घालवले असतेस.

जुनाट्रान्झिस्टर | गुरुवार, रात्री ९:४५

तांबडीमाती, सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता. मोठ्या ईएससीत मॉसफेट जास्त, रोध कमी, उष्णताही कमी, आणि बीईसी बहुधा स्विचिंग. गाडी चालू राहिली असती. पण अडकलेला सर्वो तसाच ओढत राहिला असता, आणि पुढच्या महिन्यात सर्वो जळाला म्हणून नवा धागा निघाला असता.

मुठेकाठचा, आता क्रमाने. बेलक्रँक उघडून, माती काढून, कोरडीच बसवा. तेल-ग्रीस घालू नका, त्यावर धूळ चिकटते. मग एंड पॉइंट. रिमोटवर डावी बाजू एकेक टक्का कमी करत जा, गुणगुण थांबली की आणखी एक टक्का उतरवून सोडा. मग बाहेरचा स्विचिंग यूबीईसी (सुटा मिळणारा बीईसी), ५ अँपिअर, ६ व्होल्ट. तो ईएससीच्या बॅटरी वायरींना समांतर जोडायचा आणि त्याचा प्लग रिसीव्हरच्या बॅटरीच्या खाचेत घालायचा.

एक गोष्ट विसरू नका: ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली लाल वायर पिनसकट बाहेर काढून टेप गुंडाळून ठेवायची. नाहीतर आतला बीईसी आणि बाहेरचा यूबीईसी एकाच लाल वायरीवर भांडतील. तोडू नका, पिनची प्लॅस्टिकची जीभ सुईने उचलली की ती निघते, पुढे कधी लागली तर परत घालता येते.

संत्रानगरी | गुरुवार, रात्री १०:१०

लाल वायर काढल्यावर एक बदल लक्षात ठेवा भाऊ. ईएससीचा स्विच आता रिसीव्हर बंद करणार नाही. बॅटरी जोडलेली आहे तोवर रिसीव्हर आणि सर्वो जागे असतात. म्हणून चालवून झालं की प्लग काढायचाच, विसरला तर रात्रभरात लिपो पॅक खाली जाऊन मरतो. आणि आधी रिमोट चालू, मग बॅटरी. काढताना आधी बॅटरी, मग रिमोट.

मालवणी_चाक | शुक्रवार, सकाळी ६:३०

यूबीईसी ईएससीच्या हीटसिंकाक चिकटवू नको. चेसिसच्या बाजूक, रिसीव्हरच्या डब्यापासून पण लांब बसव. स्विचिंगवाल्याचा थोडा गोंगाट रिसीव्हरात शिरता.

मुठेकाठचा | रविवार, रात्री ८:३०

काल दिवसभर काम केलं, आज मैदानात गेलो.

बेलक्रँकमधून चमचाभर माती निघाली. डावा एंड पॉइंट १०० वरून ८१ वर आला, उजवा ९६ वर. चाकं वळतात तेवढीच, फक्त आता आवाज नाही. यूबीईसी डाव्या बाजूला झिप टायने बांधला, लाल वायर टेप करून ठेवली. टायमिंग सर्वांत खाली.

हवा ३७. पूर्ण पॅक एका दमात, बावीस मिनिटं, शेवटी सेल ३.६ वर आले म्हणून मीच थांबवली. ईएससी टेपवर ६६, म्हणजे वाढ २९. मोटर ६५. स्टिअरिंग पहिल्या मिनिटाला होतं तसंच शेवटच्या मिनिटाला. शारजाच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फॅन दोन मिनिटं चालू ठेवला.

ती चार मुलं परत आली होती. त्यातल्या एकीने विचारलं की हीटसिंकवर टेप का लावलाय. तिला थर्मामीटर दिला आणि आधी पात्यावर, मग टेपवर मारायला सांगितलं. दोन वेगळे आकडे बघून तिने चार वेळा मोजलं.

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. एकूण खर्च: पिनियन, बेअरिंग, एक्सटी६०ची जोडी आणि यूबीईसी मिळून बाराशेच्या आत.

सोल्डरताई | रविवार, रात्री ९:०५

खूप आनंद झाला. टेपचा तुकडा उष्णतेने महिन्याभरात सुकतो आणि सुटतो, तेव्हा त्याऐवजी हीटसिंकच्या एका पात्याच्या टोकाला काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या, नखाएवढा पुरे. पूर्ण हीटसिंक रंगवू नका, जाड रंगाचा थर उष्णता अडवतो.

आणि तो जुना प्लॅस्टिकच्या दातांचा सर्वो फेकला नसेल तर ठेवा. त्याची मोटर आणि सर्किट चांगलंच असेल, गिअरचा संच सुटा मिळतो.

मुठेकाठचा | रविवार, रात्री ९:१५

फेकला नाही ताई. डब्यात आहे. त्या मुलीला तिच्या २एसच्या छोट्या गाडीसाठी स्टिअरिंग दुरुस्त करून हवंय, पुढच्या रविवारी तोच बसवून बघतो.